एक रिपोर्ट ‘रिअ‍ॅक्टिव्ह’, दुसरा ‘निगेटिव्ह’. एचआयव्ही चाचणीत खरं कुठलं धरायचं?

नवी मुंबई (वार्ताहर) : रात्री साडेदहाला फोन आला. आपल्याच भागातला पोरगा, वाशीच्या मार्केट यार्डात टेम्पोवर असतो. आवाज रडवेला. “भाऊ, एका लॅबचा रिपोर्ट म्हणतोय आहे, दुसऱ्या लॅबचा म्हणतोय नाही. मी आता घरी कुठल्या तोंडानं येऊ?” पाच आठवड्यांपूर्वी त्याच्याकडून एकदा चूक झाली होती. तेव्हापासून झोप नाही. आठवड्यात दोन लॅब झाल्या होत्या, पगारातले पैसे संपले होते आणि तिसऱ्या लॅबचं पॅकेज तो मोबाईलवर बघत बसला होता. बायको आणि दोन वर्षांची मुलगी गावाला. बायको रोज विचारायची, कधी येताय. हा काहीतरी कारण सांगायचा.

मी काही डॉक्टर नाही. शेती करतो आणि बातम्या देतो. पण दुसऱ्या दिवशी माझी कोथिंबिरीची गाडी माळशेज उतरून वाशीला जाणारच होती. गाडी खाली केली आणि त्याला घेऊन वाशीच्या महापालिका रुग्णालयात गेलो. तिथे आयसीटीसी म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणीचं सरकारी केंद्र आहे. तिथल्या समुपदेशक ताईंनी जे समजावून सांगितलं आणि त्यानंतर मी जे वाचलं, विचारलं, ते इथे नीट मांडतो. आपल्या तालुक्यांतली शेकडो पोरं वाशी, तुर्भे, कळंबोली भागात माथाडी, ड्रायव्हर, हमाल म्हणून राबतात. असा फोन फक्त मलाच आला असेल असं मला वाटत नाही. (त्या पोराची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तीन दिवस उलटले नसतील तर आधी एवढं वाचा

संबंध असुरक्षित झाला, कंडोम फाटला, वापरलेली सुई टोचली, जबरदस्ती झाली, असं काही घडून ७२ तास झाले नसतील तर टेस्टच्या मागे लागू नका. आधी सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही अंगात रुजू नये म्हणून एक औषध मिळतं. त्याला पीईपी म्हणतात. ते २८ दिवस रोज घ्यायचं असतं. जितक्या लवकर सुरू कराल तितका उपयोग. पहिल्या काही तासांत सुरू झालं तर उत्तम, ७२ तासांनंतर त्याचा भरवसा राहत नाही. रात्र असेल तर तातडीच्या विभागात, म्हणजे कॅज्युअल्टीत जा आणि सरळ सांगा, “मला पीईपी लागणार आहे का ते बघा.” लाजेपायी सोमवारची वाट बघू नका.

आपल्या पोराला हे माहीत नव्हतं. तो पहिले तीन दिवस मोबाईलवर लक्षणं शोधत बसला. औषधाची वेळ निघून गेली आणि मग टेस्टचा फेरा सुरू झाला.

टेस्ट विषाणू शोधत नाही, बहुतेक वेळा त्याच्या खुणा शोधते

दोन रिपोर्टांत फरक का पडतो हे कळायला आधी टेस्ट काय बघते ते कळलं पाहिजे. रक्ताच्या टेस्टा ढोबळमानाने तीन प्रकारच्या आहेत.

पहिली, अँटिबॉडी टेस्ट. विषाणू शिरल्यावर शरीर त्याच्याविरुद्ध जे लढवय्ये तयार करतं, त्यांना अँटिबॉडी म्हणतात. ही टेस्ट तेच शोधते. सरकारी केंद्रांत, शिबिरांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत पट्टीवर किंवा छोट्या डबीवर जी झटपट टेस्ट होते ती बहुतेक करून हीच.

दुसरी, ‘फोर्थ जनरेशन’ किंवा ‘कॉम्बो’ टेस्ट. ही अँटिबॉडी तर शोधतेच, शिवाय विषाणूचा स्वतःचा एक तुकडाही शोधते. त्या तुकड्याला पी-२४ म्हणतात. मोठ्या खासगी लॅबमध्ये मशीनवर होते ती बऱ्याचदा ही.

तिसरी, पीसीआर किंवा ‘नॅट’ टेस्ट. ही थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधते. महाग असते, आणि मोठ्या माणसाचं निदान करायला पहिली टेस्ट म्हणून सरकारी केंद्रात ती वापरत नाहीत.

म्हणजे एका लॅबने एक गोष्ट शोधली, दुसऱ्या लॅबने दुसरीच शोधली, तर उत्तरं वेगळी येऊ शकतात. दोघांपैकी कोणी खोटं बोललं असंच काही नसतं.

सगळ्यात मोठा प्रश्न : घटनेला किती दिवस झाले?

बी पेरलं आणि दुसऱ्या दिवशी माती उकरून बघितली, तर काही दिसत नाही. म्हणून बी मेलं असं कोणी शेतकरी म्हणत नाही. टेस्टचंही तसंच आहे. विषाणू शिरल्यापासून टेस्टला तो दिसेपर्यंत जो काळ जातो त्याला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. त्या काळात रिपोर्ट निगेटिव्ह येतो, पण त्याचा अर्थ ‘अजून दिसत नाही’ एवढाच.

साधारण हिशेब असा :

• पीसीआर किंवा नॅट : लागण झाली असेल तर १० ते ३३ दिवसांत दिसते.
• फोर्थ जनरेशन, शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये : १८ ते ४५ दिवसांत.
• झटपट अँटिबॉडी टेस्ट : २३ ते ९० दिवसांत.

म्हणून तीन महिने हा आकडा सगळीकडे सांगतात. घटनेनंतर तीन महिने पूर्ण झाल्यावर केलेली टेस्ट निगेटिव्ह आली आणि मधल्या काळात पुन्हा धोका पत्करला नसेल, तर त्या घटनेपुरता विषय संपला. मात्र ज्यांनी २८ दिवसांचं औषध घेतलं आहे त्यांच्या तारखा थोड्या पुढे जातात. औषधामुळे खुणा उशिरा दिसू शकतात. त्यांनी केंद्रातून दिलेली तारीखच पाळायची.

यातून एक सवय लावून घ्या. प्रत्येक रिपोर्टावर पेनाने दोन गोष्टी लिहा. घटना कुठल्या तारखेची आणि रक्त दिलं कुठल्या तारखेला. मधले दिवस मोजा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. दहाव्या दिवसाचा निगेटिव्ह आणि साठाव्या दिवसाचा पॉझिटिव्ह हे एकमेकांच्या विरोधात नाहीत. पहिला फार लवकरचा होता, इतकंच.

हे सांगायचं कारण म्हणजे माझ्या माहितीतली एक बहीण. नवऱ्याचं कळल्यावर तिने लगेच टेस्ट केली, निगेटिव्ह आली, आणि तो कागद तिने ट्रंकेत जपून ठेवला. पुन्हा तपासायला तिला कोणी सांगितलं नाही. पुढे गरोदरपणात रक्त तपासलं तेव्हा पॉझिटिव्ह निघाली. वेळेत उपचार मिळाले, बाळ सुखरूप आहे. पण ती आजही म्हणते, “त्या कागदानं मला फसवलं.” कागदाने फसवलं नव्हतं. त्या कागदाची मुदत काय ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

‘रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे लगेच ‘पॉझिटिव्ह’ नाही

आता दुसरी बाजू. खासगी लॅबच्या कागदावर ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ शब्द दिसला की माणूस खचतो. पण रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे एवढंच की ‘या टेस्टला काहीतरी जाणवलं, पुढे तपासा’.

राखणीचं कुत्रं चांगलं असलं की रात्री चोरावर भुंकतं. पण कधी पाहुण्यावरही भुंकतं. पहिली टेस्ट मुद्दाम अशीच ठेवतात. एकही लागण सुटू नये म्हणून ती जरा जास्तच तल्लख असते. त्यामुळे क्वचित निरोगी माणसावरही ‘भुंकते’.

आकड्यांत बघू. आपल्या देशात मोठ्या माणसांत एचआयव्हीचं प्रमाण हजारी साधारण दोन आहे. समजा दहा हजार जणांची तपासणी केली. त्यात खरी लागण असलेले वीस. टेस्ट चांगली आहे, दोनशे निरोगी माणसांत फक्त एकाला चुकून रिअ‍ॅक्टिव्ह दाखवते असं धरू. तरी उरलेल्या ९,९८० जणांत पन्नासेक जणांना चुकून रिअ‍ॅक्टिव्ह येईल. म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह आलेले एकूण सत्तर, आणि त्यातले खरे वीसच. हे उदाहरण समजण्यापुरतं आहे, पण एकाच टेस्टवर शिक्का का मारायचा नाही ते यातून कळतं.

चुकून रिअ‍ॅक्टिव्ह येण्याची कारणं बरीच असतात. दुसरा एखादा संसर्ग, गरोदरपण, संधिवातासारखे काही आजार, नुकतीच घेतलेली लस. शिवाय माणसाच्या चुका असतात. नळीवर चुकीचं नाव, मुदत संपलेलं किट, उन्हात राहिलेलं किट, पट्टी ठरलेल्या वेळेनंतर वाचणं. झटपट टेस्टची पट्टी वाचायची ठरावीक मिनिटं असतात. तासाभराने उमटलेली फिकट रेघ धरत नाहीत.

मशीनच्या रिपोर्टावर एक आकडा असतो. ‘इंडेक्स’ किंवा ‘एस/सीओ’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. बहुतेक मशीनवर १ च्या खाली नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आणि १ किंवा वर रिअ‍ॅक्टिव्ह धरतात, पण तुमच्या रिपोर्टावर मर्यादा कुठली छापली आहे ते बघा. आपल्या पोराचा आकडा १.४ होता. असा काठावरचा आकडा नंतर बऱ्याचदा निगेटिव्ह निघतो. आकडा खूप मोठा असेल तर खरी लागण असण्याची शक्यता वाढते. पण दोन्ही बाबतीत निकाल पुढच्या टेस्टच देतात. आणि मर्यादेच्या खाली ०.१ आला काय की ०.४ आला काय, दोन्ही नॉन-रिअ‍ॅक्टिव्हच. ‘माझा आकडा वाढला’ म्हणून रात्र जागवू नका.

सरकारी केंद्रात तीन टेस्ट का करतात?

हीच अडचण सोडवण्यासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नॅकोने, पद्धत घालून दिली आहे. धान्य जसं एकापाठोपाठ तीन चाळण्यांतून काढावं तसं. तिन्ही किट वेगवेगळ्या बनावटीची असतात, म्हणजे एक किट ज्या कारणाने चुकेल त्याच कारणाने दुसरं चुकू नये.

• पहिली टेस्ट नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आली : निकाल निगेटिव्ह. पुढच्या टेस्ट करत नाहीत. घटना ताजी असेल तर पुन्हा यायची तारीख देतात.
• तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह आल्या : निकाल पॉझिटिव्ह.
• पहिली रिअ‍ॅक्टिव्ह, पुढच्या दोन्ही नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह : निकाल निगेटिव्ह.
• पहिली रिअ‍ॅक्टिव्ह आणि पुढच्या दोनपैकी एकच रिअ‍ॅक्टिव्ह : निकाल ‘अनिश्चित’. रिपोर्टावर ‘इंडिटरमिनेट’ लिहितात. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतात. तरीही उलगडा झाला नाही तर नमुना वरच्या प्रयोगशाळेकडे पाठवतात.

मंचर-नारायणगावकडून पुण्याला जाताना भोसरी लागते. तिथे १९९२ साली सुरू झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, आहे. आता तिचं नाव बदललं आहे, पण लोक अजून नारीच म्हणतात. अशा अवघड नमुन्यांचं काम करणारी ही देशातली एक मोठी प्रयोगशाळा. आपल्या वाटेवरच आहे, आपल्याला माहीत नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये सगळ्या देशांना हेच सांगितलं, की पॉझिटिव्ह म्हणण्याआधी तीन टेस्ट रिअ‍ॅक्टिव्ह आल्या पाहिजेत. आणि १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी देशातली पहिली लागण शोधली, तेव्हाही वेल्लोरच्या तपासणीवर कोणी थांबलं नव्हतं. नमुने अमेरिकेत पाठवून दुसऱ्या पद्धतीने खात्री केली, मगच ती लागण धरली गेली.

खेड्यातल्या वाचकांनी एक लक्षात ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शिबिरात बहुतेक वेळा फक्त पहिली टेस्ट होते. तिथे रिअ‍ॅक्टिव्ह आलं तर ‘तालुक्याला जा’ म्हणतात, ते उरलेल्या टेस्टसाठी. निकाल तालुक्याला लागतो. ऑनलाइन मागवलेल्या किटचंही तसंच. घरी रेघ उमटली म्हणून रडत बसायचं नाही आणि नाही उमटली म्हणून नाचायचंही नाही.

माझे रिपोर्ट जुळत नाहीत, आता काय?

नेहमी दिसणाऱ्या जोड्या आणि त्यांचा अर्थ :

१. आधी निगेटिव्ह, नंतर रिअ‍ॅक्टिव्ह. पहिला रिपोर्ट विंडो पिरियडमधला असू शकतो. नंतरच्या रिपोर्टाची सरकारी केंद्रात तीन टेस्टने खात्री करा.

२. मशीनवर रिअ‍ॅक्टिव्ह, पट्टीवर नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, आणि घटना महिना-दीड महिन्यातली. इथे घाई नको. मशीनने चुकून दाखवलं असेल, किंवा लागण अगदी ताजी असून पट्टीला अजून दिसत नसेल. दोन्ही शक्य आहे. ‘पट्टी निगेटिव्ह आली, सुटलो’ म्हणू नका. दोन्ही कागद डॉक्टरांना दाखवा, दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा टेस्ट आणि तीन महिन्यांनी शेवटची. गरज वाटली तर डॉक्टर पीसीआर सांगतील.

३. हीच जोडी, पण घटनेला तीन महिन्यांहून जास्त झालेत. आता चुकून रिअ‍ॅक्टिव्ह आल्याची शक्यता जास्त. तरी निकाल केंद्राचाच.

४. पीसीआर निगेटिव्ह, अँटिबॉडी तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह. हे बरेचदा औषध चालू असलेल्या माणसाचं चित्र असतं. खाली त्याबद्दल लिहिलंय. औषध चालू नसेल तर आणखी एक शक्यता राहते. एचआयव्हीचे दोन प्रकार आहेत. आपल्याकडे जवळपास सगळे पहिल्या प्रकारचे, पण दुसराही थोडा आढळतो, आणि नेहमीच्या व्हायरल लोड टेस्टला तो दिसत नाही. डॉक्टरांकडेच जा.

५. तीन-तीन लॅब, तीन-तीन उत्तरं. आता चौथी लॅब करू नका. जितक्या लॅब कराल तितका गोंधळ वाढेल. सगळे कागद घेऊन एका केंद्रात जा आणि तिथली तारीख पाळा.

आणखी एक. ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ, ही लक्षणं लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांत येऊ शकतात. पण तीच लक्षणं साध्या व्हायरलमध्ये आणि डेंग्यूतही येतात. काहींना तर काहीच होत नाही. लक्षणांवरून निदान करायचं नाही, ना होकारार्थी ना नकारार्थी.

औषध चालू आहे आणि ‘विषाणू सापडला नाही’ असा रिपोर्ट आला

हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीचं एआरटी औषध मोफत मिळतं. १ एप्रिल २००४ ला देशात ही सोय सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. २०१७ पासून निदान झालं की लगेच औषध सुरू करतात, सीडी-४ कमी होण्याची वाट बघत नाहीत.

औषध नियमित घेतलं की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की व्हायरल लोडच्या रिपोर्टावर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ येतं. याचा अर्थ औषध काम करतंय. लागण गेली असा नाही. औषध बंद केलं की विषाणू परत वाढतो. काही जण हा कागद दाखवून ‘बाबाच्या जडीबुटीनं बरा झालो’ म्हणतात आणि गोळ्या सोडतात. असं करू नका, करू देऊ नका. मात्र आनंदाची गोष्ट ही की विषाणू असा दबलेला राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. माणूस संसार करतो, काम करतो, म्हातारा होतो.

बाळाचा रिपोर्ट

आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाची साधी अँटिबॉडी टेस्ट जन्मानंतर रिअ‍ॅक्टिव्ह येते. त्या अँटिबॉडी आईकडून आलेल्या असतात, बाळाला लागण झालेली असेलच असं नाही. त्या दीड वर्षापर्यंत राहू शकतात. म्हणून बाळाची सहाव्या आठवड्यात वेगळी पीसीआर टेस्ट करतात, टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन. पुढेही ठरलेल्या वेळी तपासतात आणि दीड वर्षाला शेवटचा निकाल देतात. मधल्या एखाद्या कागदावरून सासरच्यांनी सुनेला बोल लावू नयेत.

टेस्ट म्हणून रक्तदान? मुळीच नको

‘शिबिरात रक्त दिलं की फुकटात तपासून मिळतं’ असं काही पोरं बोलतात. हा दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. विंडो पिरियडमधलं रक्त तपासणीत निगेटिव्ह येऊ शकतं आणि एखाद्या लेकराच्या अंगात चढू शकतं. २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना रक्त घेतल्यानंतर एचआयव्हीची लागण झाल्याचं समोर आलं, त्यातलं एक मूल गेलं. अशा मुलांना वारंवार रक्त लागतं, ती कोणाकोणाच्या रक्तावर जगतात. मनात शंका असेल तर शिवजयंतीच्या शिबिरात नाव देऊ नका. कारण सांगायची गरज नाही.

उलटही घडतं. रक्तपेढीतून फोन येतो, ‘एकदा येऊन जा’. रक्तपेढी एकाच टेस्टवर संशय आला तरी पिशवी बाद करते. तिचं काम रुग्णाला वाचवणं, तुमचं निदान करणं नव्हे. तेव्हा असा फोन आला म्हणजे तुम्ही पॉझिटिव्ह ठरलात असं नाही. पण फोन टाळूही नका. जा, आणि तिथून आयसीटीसीत तपासून घ्या.

केंद्रात गेल्यावर काय होतं?

पैसे लागत नाहीत. आधी समुपदेशक एकट्याशी बोलतात. काय घडलं, कधी घडलं, ते खरं सांगा. तारीख लपवली तर तेही मदत करू शकत नाहीत. तुमची संमती घेतात, रक्त घेतात, रिपोर्ट तुमच्याच हातात देतात. नवी मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात जा, गावाकडे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात. ओळखीचं कोणी भेटेल अशी भीती वाटत असेल तर दुसऱ्या तालुक्यात जा, कोणी अडवत नाही. जवळचं केंद्र कुठं ते १०९७ या मोफत हेल्पलाईनवर विचारता येतं.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही, नोकरीसाठी टेस्टची सक्ती करता येत नाही. त्याआधीही, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने एका मजुराच्या प्रकरणात सांगितलं होतं की काम करायला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढता येणार नाही.

जाताना सोबत न्यायचं

• आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट, फोटो नव्हे तर मूळ कागद.
• घटनेची तारीख, आणि त्यानंतर पुन्हा धोका घडला असेल तर तीही.
• काही औषध घेतलं असेल तर त्याचं पाकीट.
• शेवटचा निकाल लागेपर्यंत पाळायचं : रक्तदान नाही, संबंध असेल तर कंडोम.

त्या पोराचं काय झालं?

त्या दिवशी वाशीला त्याची पहिलीच टेस्ट नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आली. त्याला वाटलं सुटलो. ताईंनी हातातले कागद बाजूला ठेवले आणि सांगितलं, “आजचा निकाल निगेटिव्ह आहे. पण तुला पाचच आठवडे झालेत, आणि एका मशीननं रिअ‍ॅक्टिव्ह दाखवलंय. तीन आठवड्यांनी ये, मग तीन महिने झाल्यावर ये. तोवर घरच्यांना जप.” जोखीम घडल्याची तारीख त्यांनी कागदावर लिहून दिली. तो कागद त्याने मोबाईलच्या कव्हरमागे ठेवला.

दोन्ही वेळा तो गेला. दोन्ही वेळा निगेटिव्ह. शेवटचा रिपोर्ट हातात आल्यावर त्याने फोन केला, तेव्हा मी कांद्याला पाणी देत होतो. बराच वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, “भाऊ, उद्याच्या गाडीत जागा आहे का? घरी यायचंय.”

त्याचं निगेटिव्ह निघालं, दुसऱ्या कोणाचं पॉझिटिव्ह निघेल. पॉझिटिव्ह निघालं तरी त्याच रुग्णालयात औषध आहे आणि माणूस जगतो. फक्त निकाल कुठल्या तरी एका कागदावरून लावू नका. तारीख मोजा, तीन टेस्टची वाट बघा, आणि तोवर जिवाचं बरंवाईट करण्याचा विचारही मनात आणू नका. मन फारच खचलं असेल तर १०९७ लावा, नाहीतर घरातल्या एका तरी भरवशाच्या माणसाला सांगा.